भांडण चालू असतानाच पाण्याचं बोलणं कसं सुरू करायचं

दोन गावांचं पटत नाही, दोन तालुक्यांचं पटत नाही, कधी दोन देशांचं पटत नाही, आणि पाणी मात्र दोघांचं एकच. अशा वेळी करायचं काय ते इथं लिहितोय, थोडं स्वतः करून बघितलेलं आहे आणि बाकीचं जगात इतरांनी कसं केलं ते वाचून समजून घेतलेलं. आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमेच्या काठाला, नदीपलीकडं कर्नाटक. मधी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, त्यातनं दोन्ही काठांच्या मोटरी पाणी उचलतात, ऊस दोन्हीकडं आहे, तहान पण दोन्हीकडं आहे, आणि सीमाभागाचा विषय टीव्हीवर तापला की इथली पोरं पण तापतात, मग बंधाऱ्यावरचं बोलणं बंद.

एका फेब्रुवारीत सकाळी बघतोय तर पाणी हातभर खाली गेलेलं. कुणीतरी म्हणलं पलीकडच्यांनी रात्रीत बर्गे, म्हणजे बंधाऱ्याचे गाळे बंद करायच्या फळ्या, काढले, आणि हे वाक्य दुपारपर्यंत अख्ख्या गावात फिरलं, संध्याकाळी तर कुणी काढले त्यांची नावं पण लोक सांगायला लागले. रात्री अकराला आम्ही वीस-पंचवीस जण बॅटऱ्या घेऊन बंधाऱ्यावर गेलो, तर समोरनं पण बॅटऱ्या येत होत्या. त्यांना वाटत होतं आम्हीच काढले. मधल्या गाळ्यापाशी दोन्ही घोळके समोरासमोर आले, शिव्या सुरू झाल्या, आणि तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हातारा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कठड्यावरनं वाकून खाली कान देऊन उभा. म्हणला, "गप बसा की रे जरा, आवाज ऐका, पाणी इथनं चाललंय." खाली उतरून बघितलं तर तळाच्या दोन बर्ग्यांमधलं रबर गेलेलं आणि त्या फटीतनं पाणी नुसतं फवारा मारल्यागत पडतंय. कुणी काही काढलेलं नव्हतं. मग दोन्हीकडच्यांनी मिळून गोणपाट, प्लास्टिक, चिखल कोंबत पहाटेपर्यंत ती फट बुजवली.

त्या रात्रीनं माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसवली. काल किती पाणी होतं आणि आज किती आहे हे आमच्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं. कुणी म्हणायचं हातभर गेलं, कुणी म्हणायचं कमरेएवढं गेलं. मोजमाप नसलं की संशयच खरा वाटायला लागतो, आणि शेजाऱ्याशी आधीच वाकडं असेल तर मग विचारायलाच नको.

तर पहिलं सांगणं हे की भांडण मिटायची वाट बघू नका. "आधी सीमेचं मिटू दे, मग पाण्याचं बघू" असं म्हणणारे प्रत्येक गावात आणि प्रत्येक देशात असतात, ते मनापासूनच म्हणत असतात, पण तोवर पाणी काय थांबत नाही. जॉर्डन आणि इस्रायलचं उदाहरण मला सारखं आठवतं. १९४८ पासून १९९४ पर्यंत हे दोन देश कागदोपत्री युद्धातच होते, तरीसुद्धा १९५० च्या दशकापासून दोन्हीकडची पाण्याची माणसं, म्हणजे इंजिनिअर आणि तांत्रिक अधिकारी, यार्मुक नदी जॉर्डन नदीला मिळते त्या भागात गाजावाजा न करता भेटत राहिली. कुणाला किती पाणी चाललंय, गाळ कुठं साठलाय, एवढंच बोलायचं. त्या भेटींना पुढं नावच पडलं पिकनिक टेबलवरच्या बैठका. शांतता करार व्हायला चाळीसेक वर्षं लागली आणि तो झाला तेव्हा पाण्याची बाजू समजणारी माणसं दोन्हीकडं आधीच एकमेकांना ओळखत होती. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सिंधू पाणीवाटप करार, १९६० साली कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सह्या केलेला. १९६५ झालं, १९७१ झालं, कारगिल झालं, तरी दोन्ही देशांचा सिंधू आयोग चालू राहिला. तो करार भारतानं एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर स्थगित ठेवला.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी मोजायची पट्टी, आणि ती दोघांची मिळून. बंधाऱ्याच्या मधल्या खांबावर ऑइल पेंटनं तळापासून वरपर्यंत दर दहा सेंटीमीटरला रेघ मारायची. ऐकायला किरकोळ वाटतंय, पण आमच्याकडं यात दोन आठवडे गेले, कारण आकडे कुठल्या लिपीत लिहायचे यावरनं अडलं. आमची पोरं म्हणायची मराठीत, त्यांची म्हणायची कन्नडमध्ये, आणि दोन्ही लिहिले तर वर कुठले आणि खाली कुठले यावरनं परत. शेवटी त्याच टॉवेलवाल्या म्हाताऱ्यानं सुचवलं की आकडे नकोतच, रंग लावा. मग तळाचा एक मीटर लाल, वरचा एक मीटर पिवळा, त्याच्यावर हिरवा, आणि प्रत्येक रंगात दहा काळ्या रेघा. शाळेतलं पोरगं पण सांगतंय आता, पिवळ्यात चौथी रेघ. तुमच्याकडं भाषेचा, धर्माचा, झेंड्याचा असा काही ताण असेल तर मापाची खूण त्यातली एकाचीही नको, ज्यावर कुणी हक्क सांगू शकणार नाही अशीच निवडा.

पट्टी जागेवर कोण वाचणार हे पण ठरवून घ्या. एक माणूस इकडचा, एक तिकडचा, दोघांनी एकत्र वाचायची, आणि फोटो काढून दोन्ही गावांच्या ग्रुपवर टाकायचा. एकट्यानं वाचलेला आकडा दुसऱ्याला पटत नाही, खरा असला तरी. गंगेच्या पाण्यासाठी भारत आणि बांगलादेशनं १९९६ साली जो करार केला त्यात नेमकं हेच आहे, इकडं फराक्क्याच्या बंधाऱ्यावर आणि तिकडं बांगलादेशात हार्डिंज ब्रिजला दोन्ही देशांची संयुक्त पथकं बसतात आणि रोजचा प्रवाह मिळून नोंदवतात. इतक्या मोठ्या नदीला ते करावं लागतं तर आपल्या बंधाऱ्याला का नको.

बंधाऱ्यातल्या साठ्याला पट्टी पुरते, पण ओढा असेल किंवा चारीतनं पाणी चालू असेल तर वाहतं पाणी मोजावं लागतं. त्याला कुठलं महागडं यंत्र लागत नाही. चारीचा सरळ दहा मीटरचा तुकडा निवडा, दोन टोकांना काठ्या रोवा, वरच्या काठीपाशी एक संत्रं किंवा अर्धी भरलेली पाण्याची बाटली सोडा आणि खालच्या काठीपर्यंत किती सेकंद लागले ते मोबाईलवर बघा, चार-पाच वेळा करा आणि सरासरी काढा. समजा चारी २ मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर खोल, आणि संत्र्याला २० सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. २ गुणिले ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.५, आणि तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश चालतंय म्हणून त्याला ०.८५ नं गुणायचं. आलं ०.४२५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ४२५ लिटर, साधारण १५ क्युसेक. हे सगळ्यांच्या समोर करा, दोन्हीकडच्या एकेका माणसाच्या हातात मोबाईल द्या. आमच्याकडं हे पहिल्यांदा केलं तेव्हा चाळीस माणसं काठावर उभी राहून संत्र्याकडं बघत होती आणि त्या अर्ध्या तासात कुणी कुणाला शिवी दिली नाही.

छोट्या चारीला पत्र्याची व्ही आकाराची खाच बसवली तर अजून सोपं जातं, पण त्यात एक गोष्ट आधी समजावून सांगा नाहीतर त्यावरनंच भांडण लागेल. नव्वद अंशाच्या खाचेतनं पाणी १० सेंटीमीटर उंचीनं चाललं तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर जातं, पण तीच उंची २० झाली तर पाणी दुप्पट होत नाही, ते साधारण २५ लिटर होतं, म्हणजे साडेपाच पटीच्या वर. लोकांना वाटतं माझं दहा, त्याचं वीस, म्हणजे त्याला माझ्या दुप्पट. तसं नसतंय. उंचीचा आणि लिटरचा तक्ता छापून दोन्ही भाषांत चावडीवर लावा.

दुसरं काम माणसं निवडायचं. इथं बहुतेक ठिकाणी चुकतंय. आपण लगेच सरपंच, आमदार, कारखान्याचे संचालक यांना पुढं करतो, कारण वजनदार माणूस असला की काम होईल असं वाटतं. पण त्या माणसाला आपल्या लोकांपुढं माघार घेता येत नाही, तो प्रत्येक वाक्य आपल्या गावाला ऐकू जाईल असं बोलतो. रोजच्या कामाला पाटकरी, मोटर चालवणारा, नळाचं पाणी सोडणारा, बर्गे बसवायला जाणारा अशी माणसं घ्या, ज्यांचा हात पाण्यात असतो. दोन इकडचे दोन तिकडचे पुरे, आणि तीच माणसं कायम ठेवा, दर मीटिंगला नवीन तोंडं नकोत. पुढाऱ्यांना वेगळं सांगून ठेवा की तुम्ही यात पडू नका, फक्त अडवू नका, एवढं केलं तरी उपकार.

दिवस ठरलेला पाहिजे. आमचा सोमवार आहे, सकाळी आठ, बंधाऱ्याच्या कठड्यावर, विषय असो नसो. स्पेनमध्ये वॅलेन्सिया शहरात पाण्याचा पंचायतीसारखा एक जुना न्यायनिवाडा आहे, शेतकऱ्यांनी निवडून दिलेली माणसं दर गुरुवारी दुपारी बाराला तिथल्या कॅथेड्रलच्या दाराबाहेर बसतात, सगळं तोंडी चालतं, वकील नाही. तक्रार असली तर ऐकतात, नसली तर तसं सांगून उठतात. २००९ साली युनेस्कोनं त्याची दखल घेतली. याच्यातलं घेण्यासारखं हेच की भांडण झाल्यावर बोलावलेल्या मीटिंगला प्रत्येक जण तयारीनं, रागानं येतो, आणि ठरलेल्या दिवशीच्या मीटिंगला सहज येतो. काही नसलं तर आम्ही चहा पितो, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खातो, पट्टी वाचतो, घरी जातो.

बोलायच्या भाषेचं अवघड करू नका. आपल्या या पट्ट्यात तसंही कुणाचं मराठी कन्नडशिवाय पूर्ण होत नाही. हत्तरसंग-कुडलला भीमा आणि सीना मिळतात, तिथं मराठीतल्या सगळ्यात जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक आहे, शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा, आणि त्या गावाच्या नावातलं कुडल म्हणजे कन्नडमधलं कूडल, संगम. सोलापूरचं तळं ज्यांनी बाराव्या शतकात खोदून घेतलं त्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. हे मी मीटिंगमध्ये भाषण म्हणून सांगत नाही, कुणी "तुम्ही-आम्ही" वर आलं तर तेवढ्यापुरतं आठवण करून देतो, आणि त्याचा उपयोग होतो.

तिसरं, पहिला विषय वाटपाचा घेऊच नका. कुणाला किती पाणी हा प्रश्न पहिल्या दिवशी टेबलावर आला की संपलं. ज्यात दोघांचंही नुकसान सारखं आहे ते आधी घ्या. सायप्रस बेटावर निकोसिया नावाचं शहर आहे, १९७४ पासून मधोमध लष्करी रेषेनं तोडलेलं, एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला तुर्की. माणसांना रेषा ओलांडता येत नव्हती पण सांडपाण्याला उतार एकच. तेव्हा ग्रीक बाजूचे महापौर लेलॉस दिमित्रिआदिस आणि तुर्की बाजूचे मुस्तफा अकिंजी यांनी १९७८ च्या सुमाराला ठरवलं की गटार एकत्रच करायचं, आणि शुद्धीकरणाचा प्रकल्प उत्तर बाजूला उभा राहिला, दोन्हीकडचं सांडपाणी तिथं जायला लागलं. राजकीय प्रश्न आजही सुटलेला नाही. घाण पाण्याच्या बाजूनं बोलायला कुणीच उठत नाही म्हणून ते पहिल्या विषयाला चांगलं. आपल्याकडं पण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतनं उजनी धरणात येतंय, आणि तेच पुढं पंढरपूर, सोलापूर करत खाली कर्नाटकात जातंय, त्याबद्दल दोन्ही काठांचं म्हणणं एकच आहे.

असाच दुसरा विषय पुराचा. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला जो पूर आला त्यात इकडं पंढरपूर, अक्कलकोटकडं आणि तिकडं कलबुर्गी जिल्ह्यात, दोन्हीकडं माणसांचे हाल झाले. वरच्याला पाणी आधी दिसतं. उजनीतनं विसर्ग वाढवल्याची बातमी आली की वरच्या गावानं खालच्या गावाला लगेच फोन करायचा, मोटरी काढा, जनावरं वर घ्या. या फोनला कुठला करार लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही. आणि ज्यानं पुराच्या वेळी रात्री दोन वाजता फोन केलाय त्याच्याशी उन्हाळ्यात बोलायला जड जात नाही. तिसरा विषय गळती. बर्ग्यांचं रबर, चोरीला गेलेले बर्गे, फुटलेली चारी, याच्यात वाचलेलं पाणी दोघांचंच असतंय.

हे सगळं एक हंगाम नीट चाललं की मग वाटपाला हात घाला. आणि इथं माझं ठाम मत आहे, ठरावीक लिटर लिहू नका, हिस्सा लिहा, आणि पाणी कमी झाल्यावर काय ते आधीच लिहा. इस्रायल-जॉर्डनच्या १९९४ च्या करारात पाण्याचे आकडे आहेत पण दुष्काळात काय करायचं ते नाही, १९९९ ला मोठा दुष्काळ पडला आणि इस्रायल म्हणालं यंदा एवढं देता येणार नाही, तेव्हा मोठा पेच झाला. याच्या उलट गंगेचा करार बघा. १ जानेवारी ते ३१ मे, दहा-दहा दिवसांचा हिशेब. फराक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ७०,००० ते ७५,००० मध्ये असेल तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेलं भारताला. ७५,००० च्या वर गेलं तर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशला. ५०,००० च्या खाली गेलं तर ताबडतोब दोघांनी बसायचं. त्यातही मार्च-मे मधल्या काही दहा दिवसांच्या पाळ्या आलटून पालटून ३५,००० च्या हमीच्या आहेत. या करारावर तक्रारी दोन्हीकडं आहेत, ३० वर्षांची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते, पण पाणी घटलं तर काय हा प्रश्न त्यांनी कोरा सोडला नाही.

आम्ही आमच्या रंगांवरच बसवलं. हिरव्यात पाणी आहे तोवर ज्याला जशी लागेल तशी मोटर चालवू द्या. पिवळ्यात आलं की दिवसाआड, एक दिवस हा काठ, एक दिवस तो काठ. लालमध्ये आलं की शेतीच्या मोटरी बंद, फक्त दोन्ही गावांच्या प्यायच्या पाण्याच्या विहिरी आणि जनावरं. पहिल्या वर्षी लाल लागला तेव्हा आमच्याच गावातल्या तिघांनी रात्री मोटरी चालवल्या, सकाळी पट्टीवर दोन रेघा खाली, आणि फोटो दोन्ही ग्रुपवर. आम्ही सोमवारच्या आधीच जाऊन पलीकडं सांगितलं की आमच्याकडनं झालंय, पुढच्या तीन पाळ्या तुमच्या. गावात माझ्याशी महिनाभर काही जण बोलले नाहीत. पण ते केलं नसतं तर पट्टीला काही अर्थच राहिला नसता असं मला आजही वाटतं.

आपल्या महाराष्ट्रात यातले जुने धडे खूप आहेत. विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली, त्यात पाणी जमिनीवर नाही तर माणशी, माणसाला अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरापुरतं, भूमिहीनाला पण हिस्सा, आणि उसाला बंदी. कालव्यावर शेजपाळी आहे, म्हणजे पाळीपाळीनं पाणी, टेलच्या म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आधी आणि मग वर वर येत. ज्याच्या दारात पाणी आधी येतं त्यानं शेवटी घ्यायचं हा नियम मला सगळ्यात न्यायाचा वाटतो, कारण पाणी वाया गेलं तर त्याचा फटका पहिल्यांदा वरच्यालाच बसतो, म्हणून चारी दुरुस्त ठेवायला वरचाच धावतो.

वाटून संपत नसेल तर अदलाबदल बघा. जॉर्डनकडं साठवायला जागा कमी, म्हणून त्या १९९४ च्या करारात असं आहे की हिवाळ्यात यार्मुकचं थोडं पाणी इस्रायलनं घ्यायचं आणि तेवढं उन्हाळ्यात तिबेरियस सरोवराकडनं जॉर्डनला परत द्यायचं. आपलं धान्य शेजाऱ्याच्या पेवात ठेवल्यासारखं झालं हे. कझाकस्तान आणि किर्गिझस्तानमध्ये चू आणि तलास या नद्यांवर असंच आहे, धरणं वरच्या किर्गिझस्तानात, फायदा खालच्याला पण, म्हणून २००० सालच्या करारानं कझाकस्तान त्यांच्या देखभालीचा हिस्सा देतो. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीवर तर धरणच काठच्या देशांच्या सामायिक मालकीचं आहे. तुमच्या पातळीवर हे म्हणजे रबर त्यांनी आणायचं, मजुरी आपण द्यायची, जॅकवेलचा, म्हणजे पाणी उचलायच्या विहिरीचा, गाळ त्यांच्या जेसीबीनं काढायचा, डिझेल आपलं. आमच्याकडं बर्ग्यांच्या रबराचा खर्च आता निम्मा-निम्मा आहे आणि पावती दोन्ही ग्रुपवर जाते.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. एकत्र बसलं म्हणजे न्याय झाला असं नसतंय. ओस्लोच्या दुसऱ्या कराराप्रमाणे १९९५ पासून इस्रायली आणि पॅलेस्टिनींची संयुक्त पाणी समिती आहे, कागदावर दोघं सारखे, पण वेस्ट बँकेत पॅलेस्टिनींना नवी विहीर घ्यायची तरी त्या समितीची मंजुरी लागायची आणि लष्करी ताबा एकाच बाजूचा. २०१० नंतर समिती बसलीच नाही, २०१७ ला परत सुरू झाली. म्हणजे नुसतं एकत्र बसायची व्यवस्था असून पुरत नाही, नाही म्हणायचा अधिकार दोघांना खरोखर सारखा आहे का ते बघायला पाहिजे. तुम्ही वरच्या अंगाला असाल, धरण तुमच्या हातात असेल, वीज तुमच्याकडं असेल, तर हे स्वतःला विचारायची जबाबदारी तुमची जास्त. आपण सोलापूरकरांनी २०२१ ला उजनीचं ५ टीएमसी पाणी इंदापूरकडं न्यायच्या निर्णयाविरुद्ध रस्त्यावर येऊन तो रद्द करायला लावला, वरच्यानं न विचारता ठरवलं की काय वाटतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे. मग आपल्या खालच्याला पण तसंच वाटत असणार. सोलापूर शहरासाठी उजनीतनं नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्याला पोचायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा नदीकाठची वीज कमी करतात, काठावरच्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकाची त्या दिवसांत काय अवस्था होते हे शहरात नळ उघडताना दिसत नाही. ते पण बोलण्यात आलं पाहिजे.

आणि हे तुटू शकतं हे धरूनच बांधा. इकोपीस मिडल ईस्ट नावाची संस्था आहे, १९९४ पासूनची, इस्रायली, पॅलेस्टिनी आणि जॉर्डनची माणसं एकत्र चालवतात, २००१ पासून ते एकाच पाण्यावरच्या शेजारी गावांच्या जोड्या लावून काम करतात. त्याच भागात २०२१ ला असं ठरत होतं की जॉर्डननं सौरवीज द्यायची आणि इस्रायलनं समुद्राचं गोडं केलेलं पाणी, दोन्ही देशांनी तसा इरादा जाहीर पण केला, पण गाझाचं युद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये जॉर्डननं सही करणार नाही म्हणून सांगितलं. सिंधू कराराचं पण वर सांगितलंच. वरच्या पातळीवर काय होईल ते आपल्या हातात नसतंय. म्हणून ठरावात एक ओळ घाला, की कुठल्याही कारणानं मीटिंग बंद पडली तरी पट्टी वाचणं आणि पुराचा फोन बंद पडणार नाही. आमच्याकडं सीमेवरनं एसटी बंद होत्या तेव्हा सोमवारची बैठक तीन वेळा झाली नाही, पण फोटो रोज येत होता, त्यांच्या काठावरनं त्यांचा, आमच्या काठावरनं आमचा. चौथ्या सोमवारी परत चहा.

कायद्याचं पण नीट समजून घ्या म्हणजे भलतीकडं जाणार नाही. नदीचं पाणी राज्याराज्यांत वाटायचा अधिकार गावाला नाही. आपली भीमा ज्यात येते त्या कृष्णा खोऱ्याचं वाटप लवादानं केलेलं आहे, बच्छावत लवादानं महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी दिले, नंतर ब्रिजेशकुमार लवाद झाला. बंधारा पाटबंधारे खात्याचा आहे, बर्गे कधी टाकायचे आणि काढायचे ते खातं ठरवतं, तुम्ही परस्पर हात लावायचा नाही. गावाच्या हातात जे आहे ते म्हणजे मोजणं, सांगणं, मोटरीच्या वेळा ठरवणं, गळती बंद करणं, आणि दोन्हीकडच्या सह्यांचा एकच अर्ज दोन्हीकडच्या कार्यालयात देणं. कालव्यावर असाल तर २००५ च्या कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्था काढता येते आणि पाणी मोजून घेता येतं, तो रस्ता जरूर धरा. आमच्या पहिल्या अर्जाला एका कार्यालयानं सात महिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा पट्टीच्या शंभर दिवसांच्या नोंदी जोडल्या, तेव्हा माणूस बघायला आला.

सुरुवात करायची तर मे महिन्यात करा. तेव्हा बंधारा तळापर्यंत कोरडा असतो आणि खांबाच्या पायापाशी उभं राहून लाल रंगाची पहिली रेघ मारता येते. खांब आधी तारेच्या ब्रशनं घासून घ्या, शेवाळावर पेंट धरत नाही, प्रायमरचा एक हात आणि पेंटचे दोन हात द्या, मध्ये एक दिवस वाळू द्या. ब्रश दोन घ्या, एक पलीकडच्याच्या हातात द्यायला.